पत्ता बॅरेकचा, घर चौथ्या मजल्यावर

उल्हासनगर म्हटलं की आपल्याकडे पहिला विनोद ठरलेला असतो. 'मेड इन यूएसए', म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. त्यानंतर जीन्स, फर्निचर, आणि शेवटी 'तिकडे सगळ्या बिल्डिंगा बेकायदा आहेत म्हणे'. एवढं झालं की विषय संपतो आणि लोकल अंबरनाथला पोचते.

आज मला त्या शेवटच्या वाक्यावरच थोडं थांबायचंय, पण वेगळ्या कारणाने. सध्या घरांबद्दल दोन शब्द सारखे कानावर पडतात. एक 'शाश्वत घरं', म्हणजे सस्टेनेबल. दुसरा 'सर्वांसाठी सुगम घरं', म्हणजे म्हातारी माणसं, अपंग, गरोदर बाई, पाय मोडलेला कॉलेजकुमार, सगळ्यांना वापरता येतील अशी. पहिल्याचं चित्र काढायचं तर लोक गच्चीवर सोलर पॅनल काढतात, दुसऱ्याचं काढायचं तर एक रॅम्प. दोन्ही विषय वेगवेगळ्या फायलींत राहतात. माझं म्हणणं असं की हा एकच विषय आहे, आणि तो समजून घ्यायला उल्हासनगर कॅम्प ४ इतकं चांगलं ठिकाण जवळपास नाही.

विठ्ठलवाडी स्टेशनला उतरून श्रीराम चौकाकडे चालत जा. दुकानांच्या पाट्यांवरचे पत्ते वाचा. बॅरेक नंबर अमुक, रूम नंबर तमुक, सेक्शन अमुक, लालचक्कीजवळ, उल्हासनगर ४. तो नंबर शोधत गेलात तर बऱ्याचदा समोर चार-पाच मजली इमारत उभी असते. बॅरेक कधीच गेली, तिचा नंबर राहिला. आपल्या भाषेत सांगायचं तर आख्खी सिस्टीम बदलली, पण जुना व्हेरिएबल कुणी रिनेम केला नाही. या नंबरात शहराचा सगळा इतिहास आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने कल्याणजवळ सैन्यासाठी एक मोठा तळ उभारला. नाव कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प. ट्रान्झिट म्हणजे जाता-येता थांबायची जागा. इथे येणारा माणूस काही दिवसांत पुढच्या आघाडीवर जाणार, हे गृहीत धरूनच सगळी आखणी. पाच भाग होते, तेच आजचे कॅम्प १ ते ५. महापालिकेच्या नोंदींनुसार ६,००० सैनिक आणि इतर ३०,००० माणसं राहतील अशी सोय होती, आणि एकूण २,१२६ बॅरेकी होत्या. बहुतेक बॅरेकींचा आराखडा सारखाच: मधे मोठा हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या. सगळं तळमजल्यावर.

युद्ध संपलं, तळ ओस पडला. मग १९४७ ची फाळणी. कराचीहून बोटी भरभरून सिंधी कुटुंबं मुंबईला उतरायला लागली. पंजाबला निदान अर्धा पंजाब मिळाला होता, बंगालला अर्धा बंगाल. सिंधचा तुकडा भारतात आलाच नाही, त्यामुळे या लोकांना 'आपल्या' प्रांतात जायची सोयच नव्हती. सरकारकडे तयार छप्पर होतं ते कल्याण कॅम्पात. सुमारे एक लाख माणसं तिथे आली. म्हणजे ३६,००० च्या जागेत जवळजवळ तिप्पट. मधल्या हॉलमध्ये गोणपाट आणि चादरी टांगून घरं पाडली गेली. संडास सामाईक, नळ सामाईक, रांगा दोन्हीकडे. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीचं रीतसर गाव झालं आणि उल्हास नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. सगळं गमावून आलेल्यांच्या गावाला 'उल्हास' हे नाव थोडं विचित्र वाटतं खरं, पण त्यांनी ते अंगाला लावून घेतलं आणि दाखवूनही दिलं.

त्याच काळात देशात निर्वासितांसाठी मुद्दाम आखलेली गावंही उभी राहत होती. हरियाणातलं फरिदाबाद आणि निलोखेडी, कच्छमधलं गांधीधाम. गांधीधाम तर सिंध्यांसाठीच. तिथे आधी नकाशा आला, मग रस्ते, मग घरं. केंद्र सरकारचे तेव्हाचे गृहनिर्माण संचालक ओटो कोनिग्सबर्गर हे जर्मनीतून परागंदा झालेले वास्तुरचनाकार. त्यांनी अशा अनेक गावांच्या आखणीवर काम केलं आणि पुढे उष्ण प्रदेशातल्या घरांवर एक जाडजूड पुस्तकही लिहिलं. उल्हासनगरच्या वाट्याला असा कुणी आला नाही. इथे आधी माणसं आली, ती आधीच उभ्या असलेल्या सैन्याच्या छपराखाली शिरली, आणि नकाशा त्यांच्या मागून धावत राहिला. तो अजून धावतोय.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. बॅरेकीत राहणं हलाखीचं होतं, त्याचं कौतुक करण्यात काही अर्थ नाही. पण निव्वळ इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं तर त्या आराखड्यात एक गुण होता, जो कुणी मुद्दाम ठेवलेला नव्हता. सगळ्या खोल्या एका लांबलचक जोत्यावर, एका पातळीत. आजीला खाटेवरून उठून दारात यायला जिना नव्हता. दार उघडलं की अंगण, अंगणात शेजारी, पापड वाळत घालणाऱ्या बायका, खेळणारी पोरं. पायांनी अधू माणूससुद्धा घराबाहेर 'असायचा'. छपरापासून जमिनीपर्यंत सगळं असं होतं की फुटलं तर गल्लीतल्या गवंड्याने दुरुस्त करावं. पाणी वर चढवायला पंप नको, की वीज गेली म्हणून कुणी अडकायला नको.

मग हे बदललं कसं? एका झटक्यात नाही. १९५४ च्या विस्थापितांच्या भरपाई आणि पुनर्वसन कायद्याखाली लोकांना त्यांच्या खोल्या आणि जागा मालकीच्या मिळू लागल्या. सनद हा शब्द आजही उल्हासनगरात कुणाच्याही तोंडी ऐकू येतो, तो इथला. ही फार मोठी गोष्ट होती. ज्याच्या हातात सनद, तो उद्या हाकलला जाणार नाही. म्हणून लोकांनी पैसे घालायला सुरुवात केली. गोणपाटाच्या जागी विटा आल्या, पत्र्याच्या जागी स्लॅब आला, मुलाचं लग्न झालं की वर एक खोली आली. १९६० मध्ये नगरपालिका झाली, १९९६ मध्ये महानगरपालिका. दरम्यान मुंबईतली जागा मध्यमवर्गाच्या हाताबाहेर गेली, लोकलने जोडलेल्या प्रत्येक स्टेशनाभोवती मागणी वाढली, आणि एका खोलीच्या जागेवर पाच मजले उभे राहायला लागले. लोखंडी टी-गर्डर टाकून झटपट मजले चढवायची पद्धत तर इथे इतकी रुळली की 'टी-गर्डरचं बांधकाम' हा बातम्यांतला ठरलेला शब्द झाला.

हे सगळं परवानगीशिवाय का झालं, याचं सोपं उत्तर 'लोभ' असं देता येतं, आणि त्यात तथ्य आहेच. पण दुसरं कारणही होतं. बॅरेकीच्या खोलीची जागा इतकी लहान की चारी बाजूंनी नियमाप्रमाणे मोकळं अंतर सोडलं तर मधे बांधायला उरणार काय? नियम मोठ्या प्लॉटसाठी लिहिलेले, गाव लहान तुकड्यांचं. सनदेने जमीन दिली, पण त्या जमिनीवर कायदेशीर घर कसं बसवायचं हे कुणी सांगितलं नाही.

पुढची गोष्ट पेपरात गाजलेली आहे. जनहित याचिका झाली, ८५५ बेकायदा इमारतींची यादी न्यायालयापुढे आली, २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कारवाईचे आदेश दिले. पाडापाडी सुरू झाली, लोक रस्त्यावर आले, आणि २००६ मध्ये राज्य सरकारने खास उल्हासनगरसाठी बांधकामं नियमित करण्याचा कायदा आणला. एका शहरासाठी स्वतंत्र कायदा! प्रत्यक्षात त्याखाली नियमित झालेल्या इमारती फार थोड्या. पण मला त्यातली वेगळी गोष्ट खटकते. इतकी वर्षं वाद चालला, त्याचा सगळा रोख इमारत कायदेशीर की बेकायदा, दंड किती, पाडायची की ठेवायची, यावर राहिला. त्या जिन्यावरून ऐंशी वर्षांचं माणूस कसं चढणार, हा प्रश्न ना मोर्च्यात दिसला, ना विधानसभेतल्या भाषणांच्या बातम्यांत.

मग २०२१ चा मे महिना आला. १५ मेला कॅम्प १ मध्ये आणि २८ मेला कॅम्प २ मध्ये नेहरू चौकाजवळ, अशा दोन पाच मजली इमारतींचे वरचे स्लॅब खालचे मजले फोडत खाली आले. दुसऱ्या घटनेत सात जणांचा जीव गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये कॅम्प ५ मध्ये पुन्हा तेच, चार जण गेले. या बहुतेक इमारती नव्वदच्या दशकातल्या, म्हणजे वय पंचवीस-तीस. तेव्हा रेतीची टंचाई होती आणि 'उलवा' नावाची हलकी रेती सर्रास वापरली गेली, हे त्यानंतर शहरात उघडपणे बोललं जाऊ लागलं. महापालिकेने जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिटच्या नोटिसा धाडल्या.

स्लॅब का पडतो? काँक्रीट चांगलं घट्ट असेल तर आतलं लोखंड वर्षानुवर्षं गंजत नाही, कारण सिमेंटचा अल्कधर्मी गुण त्याच्यावर एक पातळ संरक्षक थर धरून ठेवतो. काँक्रीट सच्छिद्र झालं की हवा आणि पाणी आत शिरतं, तो थर जातो, लोखंड गंजतं. गंजलेलं लोखंड मूळ आकारमानाच्या कितीतरी पट फुगतं आणि आतून काँक्रीट फोडतं. गच्ची गळतेय, संडासाची ट्रॅप झिरपतेय, छताचं प्लास्टर पोपडा धरतंय, ही सगळी त्याचीच लक्षणं. आपण मात्र त्यावर पीओपीचं सीलिंग लावतो. म्हणजे एरर दिसू नये म्हणून लॉगच बंद करायचा.

इथे 'शाश्वत' शब्दाचा हिशोब करू. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ७-८ टक्के एकट्या सिमेंट उद्योगातून येतो. इमारत बांधताना हा कार्बन एकदाच खर्च होतो. ती पन्नास वर्षं टिकली तर तो पन्नासांत वाटला जातो. पंचविसाव्या वर्षी पाडून पुन्हा बांधली तर खर्च सरळ दुप्पट, शिवाय पाडकामाचं डेब्रिज वालधुनीच्या काठावर. त्यामुळे गच्चीवर किती सोलर पॅनल लावले याआधी विचारायचा प्रश्न हा: हे घर किती वर्षं चालणार? आणि त्याला जोडून दुसरा: या घरातला माणूस यात किती वर्षं राहू शकणार?

हा दुसरा प्रश्न मला माझ्या एका सिंधी मित्राच्या दादीमुळे पडला. दादी लहानपणी सख्खरहून आलेली, कॅम्प ४ च्या बॅरेकीत वाढलेली. तिची बॅरेक तोडून इमारत झाली आणि मोबदल्यात कुटुंबाला चौथ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. लिफ्ट नाही. तेव्हा ती पन्नाशीत होती, दोन पिशव्या भाजी घेऊन चढायची. गुडघे गेल्यापासून खाली उतरणं बंद. डॉक्टरकडे न्यायचं तर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार जणांनी उचलून आणायचं. दर वळणावर खुर्ची तिरकी करावी लागते, कारण जिना अडीच-तीन फुटांचा. म्हणून मग तीच म्हणते, "पुढच्या महिन्यात जाऊ." मित्राने मला विचारलं होतं, स्लॅबला काही झालं तर हिला खाली कसं आणायचं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

असे लोक किती? २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८. देशात तेव्हा साठीच्या वरचे ८.६ टक्के आणि अपंग म्हणून नोंद झालेले २.२१ टक्के होते. तेच प्रमाण ढोबळपणे इथे लावलं तर ४३ हजारांवर ज्येष्ठ आणि ११ हजार अपंग. काही जण दोन्हीत मोजले जातील, तरी आकडा लहान नाही. अपंगांसाठी १९९५ मध्ये कायदा आला, २०१६ मध्ये अधिक कडक कायदा आला, २०२१ मध्ये सुगम बांधकामाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सुगमतेचे किमान नियम नुसते सल्लावजा नकोत, बंधनकारक करा, असं केंद्राला सांगितलं. पण हे सगळं घडत असताना कॅम्प ४ मधली इमारत आधीच उभी होती, आणि ज्या इमारतीला परवानगीच नाही तिला कुठला नियम लागू होणार?

"अहो पण एवढ्या गर्दीत सगळ्यांना तळमजला कुठून देणार?" असं तुम्ही म्हणाल. रास्त प्रश्न आहे, आणि त्याचं एक उत्तर फार लांब नाही. ठाण्याहून ट्रान्सहार्बरने जाता येतं. बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज, चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ मध्ये उभारलेली वसाहत. सहा हेक्टरवर ४५ ते ७५ चौरस मीटरचे छोटे प्लॉट, सात-सात घरांच्या मधे एक चौक, कुणाची भिंत कुणाला चिकटलेली नाही, त्यामुळे ज्याला जमेल तसं त्याने घर वाढवावं. उंच इमारत एकही नाही, तरी घनता हेक्टरी ५०० माणसं. उल्हासनगरचं क्षेत्रफळ साधारण १३ चौरस किलोमीटर, म्हणजे २०११ च्या लोकसंख्येने हेक्टरी सुमारे ३९०. तुलना तंतोतंत नाही, कारण शहराच्या क्षेत्रफळात रस्ते, कारखाने, नदी सगळं येतं. पण इतकं नक्की कळतं की खूप माणसं बसवायची म्हणजे सगळ्यांना वरच चढवायचं, हे गणिताने ठरलेलं नाही.

गंमत म्हणजे 'ज्याला जमेल तसं वाढवा' हे कोरियांनी विचारपूर्वक आखलं, आणि उल्हासनगरने तेच आपोआप केलं. फरक एवढाच की बेलापूरला कुठे वाढवायचं आणि कुठे नाही हे आधीच ठरलेलं होतं. कॅम्प ४ ला फक्त वर जायची दिशा मोकळी होती.

बॅरेकी परत आणा, असं मी म्हणत नाही. २६ जुलै २००५ ला वालधुनीचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं त्यांना 'तळमजला चांगला' असं सांगायला मी जाणार नाही. पण बॅरेकीकडून एक युक्ती घेण्यासारखी आहे. पुरापासून वाचायला जोतं दोन फूट उचललं, तर व्हीलचेअरच्या रॅम्पला बारास एक या उताराने चोवीस फूट लांबी लागते. दहा फूट रुंदीच्या एका खोलीपुढे तो बसणं अशक्य. तेच दहा खोल्या एका सलग जोत्यावर असल्या तर एका टोकाला एकच रॅम्प पुरतो. लिफ्टचंही तसंच. पाच मजली, मजल्याला दोन फ्लॅट अशा इमारतीला लिफ्ट आणि तिची देखभाल परवडत नाही. तशा तीन इमारती एका गॅलरीने जोडल्या तर एक लिफ्ट तीसेक घरांत वाटली जाते. जे एकट्याच्या प्लॉटवर महाग, ते शेजाऱ्याबरोबर स्वस्त.

पुनर्विकासाचं वारं आता इथेही आलंय, म्हणून हे आत्ता बोलायला हवं. नव्या नकाशांत बहुतेक ठिकाणी खाली स्टिल्ट पार्किंग असतं, म्हणजे सगळ्यात खालचं घरही पहिल्या मजल्यावर. तळमजला गाड्यांना, म्हाताऱ्यांना लिफ्ट, आणि वीज गेली की देव. तुमच्या सोसायटीचा नकाशा टेबलावर असेल तर चार गोष्टी जरूर विचारा:

१. रस्त्यापासून लिफ्टपर्यंत एकही पायरी न चढता जाता येतं का?
२. घराचं आणि बाथरूमचं दार ९०० मिलीमीटरचं आहे का? कागदावर दार रुंद करायला पैसे लागत नाहीत, भिंत उभी राहिल्यावर लागतात.
३. तळमजल्यावर निदान चार घरं ठेवता येतील का? आणि ती ज्यांना गरज आहे त्यांना आपसांत बदलून मिळतील का?
४. गच्ची, पाइप आणि स्लॅब तपासायचा फंड पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवलाय का?

पुनर्विकासाला अजून वेळ असेल, तर जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आणि दर मजल्याच्या वळणावर बसायला एक घडीची फळी, एवढं तर पुढच्या मीटिंगमध्येही मंजूर होऊ शकतं.

कॅम्प ४ मध्ये अधूनमधून एखादी जुनी बॅरेक अजून उभी दिसते. तीही आज ना उद्या जाईल आणि तिचा नंबर नव्या इमारतीच्या पाटीवर चढेल. त्या पाटीमागे जिना किती रुंद असेल, हे मात्र कुणीतरी पेन्सिलीने ठरवणार आहे, आणि बहुधा याच एक-दोन वर्षांत.

असो. लेख लांबला. तुमच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर कोण राहतं, आणि ते शेवटचं खाली कधी उतरलं होतं, हे एकदा बघा. तूर्तास इतकंच.